मूळ खाली, कोंब वर : गुरुत्वानुवर्तन घरी कसं तपासायचं आणि शेतात कुठे कुठे दिसतं

मोडधान्य

घाटातल्या उतारावरची झाडं नीट पाहा. जमीन तिरकी असते, पण खोड जमिनीशी काटकोनात नसतं. गवंड्याच्या ओळंब्याला समांतर असतं. म्हणजे झाडाला जमिनीचा उतार नाही, पृथ्वीची ओढ कळते. शाळेच्या पुस्तकात याला 'गुरुत्वानुवर्तन' म्हणून दोन ओळी असतात आणि तिथेच विषय संपतो. म्हणून हा धागा.

आधी दोन गैरसमज. 'कोंब उजेडाकडे जातो म्हणून वर येतो' हे अर्धंच खरं. पाच सेंटिमीटर मातीखाली उजेड पोचत नाही, तरीही कोंब बरोबर वरच येतो. दुसरा, 'मूळ पाण्याच्या शोधात खाली जातं'. सगळीकडे सारख्या ओल्या कागदावरही मूळ खालीच जातं. उजेडाकडे वळणं आणि ओलाव्याकडे वळणं या दोन्ही गोष्टी वनस्पतीत आहेत, पण त्या वेगळ्या.

घरी करायला सगळ्यात सोपं बी म्हणजे अहाळीव, म्हणजेच हळीव. वाटाणा, मका, मूग यांना टाचणीने किंवा कापसाने अडकवून ठेवावं लागतं. हळीव भिजला की त्याचा बुळबुळीत चीक सुटतो आणि बी त्या चिकानेच कागदाला धरून बसतं. मूळ बारीक, सरळ आणि झटपट वाढणारं. म्हणूनच या विषयावरच्या प्रयोगशाळांमध्येही हळिवाची मुळं वर्षानुवर्षं वापरली गेली आहेत.

साहित्य : सीडीची पारदर्शक डबी, टिपकागद (नसेल तर स्वयंपाकघरातल्या टिश्यूचे तीन-चार थर), अहाळिवाचे १०-१२ दाणे, चिमटा, काळा कागद किंवा अॅल्युमिनियमची फॉइल, आणि फोन.

कागद डबीच्या मापाने कापून भिजवा. मग डबी उभी धरून जास्तीचं पाणी निथळू द्या. कागद चमकतो आहे पण थेंब ओघळत नाही, इतका ओलावा हवा. दाणे वरच्या कडेपासून साधारण चार सेंटिमीटर खाली, एका ओळीत, एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवा. डबी तासभर आडवीच राहू द्या, तोवर चीक सुटून दाणे पकडतात. मग बंद करा, फॉइलमध्ये गुंडाळा आणि उभी करा. २५ अंशांच्या आसपास एका दिवसात मोड दिसतात, दीड ते दोन दिवसांत मुळं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची होतात.

आता डबी काटकोनात फिरवा. मुळं आडवी झाली. फिरवण्याआधी एक फोटो, नंतर दर १५ मिनिटांनी एक. अर्ध्या-पाऊण तासात टोकं झुकलेली दिसतात, काही तासांत ती पुन्हा खाली तोंड करतात. कोंब नेमका उलटा वळतो, पण थोडा सावकाश.

बिघडतं कुठे, तेही सांगते. डबीच्या तळाशी पाणी साचलं की टोकं बुडून गुदमरतात आणि तपकिरी पडतात. फॉइल काढून ठेवली तर खिडकीच्या उजेडाचा परिणाम मिसळतो. कोंब उजेडाकडे जातो आणि मूळ उजेडापासून लांब पळतं, मग वळण कशाचं ते सांगता येत नाही. हळीव हे थंडीतलं पीक आहे, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये डबी माठाशेजारी ठेवा. आणि एक डबी न फिरवता तशीच उभी ठेवा. तुलनेला काही नसेल तर प्रयोग अर्धाच राहतो.

सूक्ष्मदर्शी

छान सुरुवात. 'कळतं कसं' याचं उत्तर डोळ्यांनी पाहता येतं, शाळेतला १०० पट आणि ४०० पट दाखवणारा सूक्ष्मदर्शक पुरतो.

हळिवाच्या मुळाचं शेवटचं दोन-तीन मिलिमीटर टोक ब्लेडने कापा. काचपट्टीवर ठेवून त्यावर आयोडीनच्या द्रावणाचा एक थेंब टाका. लॅबमधलं आयोडीन नसेल तर जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन पाण्याने पातळ करूनही चालतं. दोन मिनिटांनी जास्तीचं द्रावण टिपून घ्या, वर झाकणकाच ठेवा आणि पेन्सिलीच्या मागच्या बाजूने अगदी हलकं दाबा. मुळाच्या अगदी टोकाला, मूलटोपीच्या (टोक झाकणाऱ्या पेशींच्या टोपीच्या) मधोमध, पेशींच्या काही रांगा निळ्या-काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या दिसतील. ते पिठूळ कण, म्हणजे स्टार्च भरलेल्या कणिका. टोकाच्या वरच्या बाजूला लगेच असे ठिपके जवळजवळ नाहीत. हा फरकच पाहण्यासारखा आहे.

स्टार्च पेशीरसापेक्षा बराच जड, घनता साधारण दीडपट. मूळ आडवं केलं की या कणिका घसरून पेशीच्या नव्या 'तळावर' जाऊन बसतात, काही मिनिटांतच. वाळूघड्याळ आडवं करावं तसं. हाबरलांट आणि नेमेक या दोघांनी १९०० साली स्वतंत्रपणे हीच कल्पना मांडली होती. पुढे मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपाचे स्टार्च न बनवणारे प्रकार सापडले. त्यांची मुळंही खाली वळतात, पण फार सुस्तपणे. म्हणजे स्टार्चचं वजन हा मुख्य इशारा आहे, एकमेव नाही.

खोडात मूलटोपी नसते. तिथे हेच काम पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याभोवतीचा एक पेशींचा थर करतो. म्हणून खोडाचा शेंडा छाटला तरी उरलेलं खोड वळू शकतं, पण मुळाचं टोक काढलं तर मूळ वळायचं थांबतं.

इशारा मिळाल्यावर वाकण्याचं काम ऑक्झिनचं, म्हणजे वनस्पतीतल्या वाढीच्या संप्रेरकाचं. टोपीतल्या पेशींच्या पडद्यावर ऑक्झिन बाहेर ढकलणारी प्रथिनं असतात, त्यांना 'पिन' म्हणतात. मूळ आडवं झालं की ती खालच्या बाजूला जमतात आणि ऑक्झिन खालच्या अंगाला जास्त जातं. मुळात जास्त ऑक्झिन म्हणजे लांबणं कमी, म्हणून वरची बाजू पुढे जाते आणि मूळ खाली वाकतं. खोडात जास्त ऑक्झिन म्हणजे लांबणं जास्त, म्हणून खालची बाजू पुढे जाते आणि खोड वर उठतं. द्रव्य तेच, वाटणीही तीच, पेशींचं उत्तर वेगळं.

कणिका तळाला टेकल्या हे 'पिन'ना कळतं कसं, हा मधला दुवा बराच काळ रिकामा होता. २०२३ मध्ये जपान आणि चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की 'लेझी' नावाची प्रथिनं स्टार्चच्या कणिकांवर बसून खाली येतात आणि तिथून पेशीच्या पडद्यावर उतरतात. नाव भातावरून आलं आहे. हे जनुक बिघडलेला भात उभा राहत नाही, फुटवे जमिनीवर पसरून पडतो.

शिवारपाणी

मक्याच्या दाण्यांवर हाच प्रयोग शाळेतल्या मुलांकडून करून घेतला. काळ्या कागदात गुंडाळलेल्या डब्यांत अर्ध्याअधिक मुळं आडवीच वाढत राहिली. कागद ओला होता, मुळं पांढरीशुभ्र होती. कुठे चुकलं असेल?

सूक्ष्मदर्शी

चूक तुमची नाही, वाणाची असू शकते. मक्याच्या काही वाणांची मुळं पूर्ण अंधारात खाली वळतच नाहीत. 'मेरिट' हे गोड मक्याचं वाण त्याचं नेहमीचं उदाहरण. त्याच्या मुळाला थोडा वेळ लाल प्रकाश मिळाला की वळणं सुरू होतं, आणि तो प्रकाश मूलटोपीलाच लागतो. फिरवण्याआधी डबी उघडून १० मिनिटं साध्या दिव्याखाली सगळीकडून सारखा उजेड द्या, मग गुंडाळा. दुसरा उपाय म्हणजे बियाणं बदला. दुकानातला पॉपकॉर्नचा मका आणि शेतातला साधा मका शेजारी शेजारी लावून बघा.

मक्याचा एक मोठा फायदा मात्र आहे. त्याची मूलटोपी पूर्णच्या पूर्ण निघते. मूळ दोन सेंटिमीटरचं झालं की दहापट भिंगाखाली सुईच्या टोकाने टोपीच्या कडेला हलकं उचला, ती बोटावरच्या अंगुस्तानासारखी सुटून येते. अशी मुळं आडवी ठेवली तर लांब वाढतात पण वळत नाहीत. दिवस-दीड दिवसाने नवी टोपी तयार झाली की पुन्हा वळू लागतात.

ब्लेडने कापणार असाल तर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी कापा. एक मिलिमीटर गेलं की वाढीचं टोकच गेलं. मग मूळ वळलं नाही ते टोपी नसल्यामुळे की वाढच थांबल्यामुळे, हे सांगता येत नाही. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये मुळाचं टोकच संवेदना घेतं असं मांडलं, तेव्हा त्यांच्यावर नेमका हाच आक्षेप घेतला गेला. म्हणून टोपी काढलेल्या प्रत्येक मुळाची लांबी आधी आणि नंतर मोजलीच पाहिजे.

मोडधान्य

यात एक भर. वळण पडतं कुठे, तेही मोजून पाहा. वाल किंवा वाटाण्याच्या दोन सेंटिमीटर मुळावर न पुसणाऱ्या बारीक पेनने टोकापासून दर मिलिमीटरला ठिपका द्या. आडवं ठेवून दुसऱ्या दिवशी मोजा. अगदी टोकाचे ठिपके जवळच राहतात, मागचे जुने ठिपकेही हलत नाहीत, मधल्या काही मिलिमीटरमधले मात्र दूर दूर जातात. वाक तिथेच असतो. कळतं टोकाला, वाकतं मागे, म्हणजे मधून निरोप जातो. ठिपके देताना मूळ सुकू देऊ नका. दोन मिनिटं उघड्या हवेत राहिलं तरी मूळरोमं मरतात आणि वाढ मंदावते.

फिरकी

'हे गुरुत्वाकर्षणामुळेच' हे सिद्ध कसं झालं, ते इथे यायलाच हवं. टॉमस नाइट या इंग्लंडमधल्या बागायततज्ज्ञाने १८०६ साली बागेतल्या ओहोळावर फिरणारं चाक बसवलं आणि त्याच्या कडेला घेवड्याचे दाणे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बांधले. चाकाचा व्यास ११ इंच, मिनिटाला १५० फेरे. उभं चाक फिरत असल्याने 'खाली' कुठलीच एक दिशा उरली नाही. दाणा कसाही बांधला असला तरी मुळं बाहेरच्या बाजूला गेली, कोंब चाकाच्या मध्याकडे.

मग त्याने चाक आडवं फिरवलं. आता दोन ओढी एकत्र आल्या, पृथ्वीची खाली आणि फिरण्याची बाहेर. मिनिटाला ८० फेऱ्यांना मुळं बरोबर मधल्या तिरक्या दिशेने, ४५ अंशांत गेली. हिशोब करून बघा : त्रिज्या १४ सेंटिमीटर आणि ८० फेरे म्हणजे बाहेरची ओढ ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे पृथ्वीइतकीच. दोन सारख्या ओढींची मधली दिशा ओळंब्यापासून ४५ अंशांवर. झाडाने हा हिशोब न चुकता केला.

हे घरी करायचं असेल तर जुना रेकॉर्ड प्लेयर उत्तम. ७८ फेऱ्यांवर, मध्यापासून १४ सेंटिमीटर अंतरावर ओढ पृथ्वीच्या ०.९५ पट, म्हणजे साधारण ४४ अंश. नाइटच्या चाकाच्या अगदी जवळ. ३३ फेऱ्यांवर ०.१७ पट, म्हणजे कोन जेमतेम १० अंश. पण ३३ वर प्रयोग निर्धास्तपणे दोन दिवस चालवता येतो, ७८ वर सतत चालवलं तर मोटर तापते.

बाटलीच्या प्लॅस्टिकच्या टोपणात ओला कापूस, त्यावर भिजवलेले मूग, आणि टोपण दुतोंडी टेपने तबकडीच्या कडेला घट्ट. समोरासमोर सारख्या वजनाची दोन टोपणं लावा, नाहीतर तबकडी थरथरते. वरून खोका उपडा ठेवा, त्यामुळे उजेड आणि वारा दोन्ही बंद. वाऱ्याने कापूस सुकतो, हीच इथली सगळ्यात मोठी अडचण. दर आठ तासांनी ड्रॉपरने चार थेंब. दोन-तीन दिवसांनी कोंब मध्याकडे झुकलेले दिसतात. ते वाऱ्याने झुकले असते तर फिरण्याच्या उलट दिशेला, मागे झुकले असते. झुकाव मध्याकडे आहे की मागे, हे नीट पाहा.

खगोलवेडी

म्हणजे ओढच नाहीशी केली तर? अंतराळस्थानकावर झाडं कशी वाढतात? घरी शून्य गुरुत्व करता येईल का?

फिरकी

शून्य करता येत नाही, पण झाडाला 'खाली' कुठे ते ठरवू न देणं जमतं. मूळ आडव्या अक्षाभोवती सतत सावकाश फिरवत ठेवायचं. कणिका एका बाजूला टेकण्याआधीच बाजू बदलते. या यंत्राला क्लिनोस्टॅट म्हणतात.

भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा वापरा असा सल्ला अनेक ठिकाणी दिसतो, तो चुकीचा आहे. तासाला एक फेरा म्हणजे प्रत्येक बाजू पंधरा मिनिटं खाली राहते. तेवढ्यात मूळ ती दिशा ओळखतं आणि नागमोडी वाढतं. सेकंदकाट्याचा वेग (मिनिटाला एक फेरा) बरोबर आहे, पण त्या यंत्रात जोर नसतो, दोन ग्रॅमची डबीही तो ओढत नाही. कूलरच्या झडपा हलवणारी सिंक्रोनस मोटर मिळते, मिनिटाला पाच-सहा फेरे. तिच्या दांड्यावर पेट्री डिश किंवा पारदर्शक डबी मधोमध बसवा. पाच फेऱ्यांना, मध्यापासून चार सेंटिमीटरवर बाहेरची ओढ पृथ्वीच्या हजारात एक भाग पडते, ती चालते. दांडा पातळीयंत्र लावून पक्का आडवा करा. ही मोटर २३० व्होल्टवर चालते आणि शेजारी पाणी आहे, त्यामुळे जोडण्या मोठ्या माणसानेच करायच्या, उघडी तार ठेवायची नाही आणि ओला कापूस डबीत पूर्ण बंद हवा.

अशा डबीतली मुळं आडव्यातिडव्या दिशांना जातात. बंद मोटरवर तशीच दुसरी डबी तुलनेला ठेवा.

अंतराळात कोंबाला दिशा द्यायला दिव्यांचा उपयोग करतात. आपल्याकडे इस्रोने डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्ही सी-६० बरोबर चवळीचे आठ दाणे एका बंद पेटीत पाठवले होते. चार दिवसांत त्यांना मोड आले आणि पुढे पानंही दिसली. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी अंतराळस्थानकावर मूग आणि मेथीला मोड आणले.

कुंडीकाठ

एक अगदी रोजची अडचण. प्रोट्रेमध्ये (रोपांच्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये) काकडी आणि दुधी लावले की बऱ्याच रोपांच्या डोक्यावर बीच्या टरफलाची टोपी तशीच अडकून राहते, दलं (बीतली पहिली दोन पानं) उघडत नाहीत. बी टोक खाली करून उभंच लावते, म्हणजे मूळ सरळ खाली जावं म्हणून. कोकोपीट ओलं असतं. तरी असं का?

रोपवाडी

टोक खाली करून लावता, तेच कारण असण्याची शक्यता मोठी आहे. काकडीवर्गीय बियांच्या मोडात, मूळ आणि खोड जिथे जुळतं तिथे, एक छोटी खुंटी तयार होते. ती बीच्या टरफलाची खालची कड दाबून धरते. वरून खोडाची कमान ताणली जाते आणि दलं टरफलातून ओढून निघतात. बूट काढताना टाच पायाने दाबून धरावी तसं.

खुंटी कुठल्या बाजूला यायची हे गुरुत्वावर ठरतं. बी आडवं, सपाट पडलेलं असेल तर मोड खाली वळताना जी बाजू खाली असते तिथे एक दणकट खुंटी येते. बी टोक खाली करून उभं लावलं तर मोडाला वळावंच लागत नाही, खालची अशी एक बाजूच राहत नाही, आणि दोन्ही बाजूंना दोन लहान खुंट्या येतात. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी काकडीचं बी अंतराळयानात रुजवलं तेव्हाही अशा दोन्ही बाजूंच्या खुंट्या दिसल्या.

तेव्हा काकडी, दुधी, भोपळा, कलिंगड यांचं बी सपाट ठेवा. खोली दोन ते अडीच सेंटिमीटर. खोली कमी पडली तर वर मातीचा दाब नसतो आणि टरफल वाळून कडक होतं, त्यानेही टोपी अडकते. पेरल्यावर वरचा थर बोटांनी हलका दाबा. दुधीला ९८ कप्प्यांचा ट्रे लहान पडतो, ५० कप्प्यांचा घ्या म्हणजे बी सपाट मावतं.

अडकलेली टोपी कोरडी ओढू नका, दल फाटतं. पाण्याचा फवारा मारून १५-२० मिनिटं थांबा, मग दोन बोटांत धरून हलकेच सरकवा.

कुंडीकाठ

अनेक ठिकाणी 'टोक खाली' असंच सांगतात, म्हणून विचारलं. लसणाचं काय? पाकळी उलटी लावली तर तीही सरळ होते ना?

रोपवाडी

सरळ होते, पण किंमत मोजून. कोंबाला मातीखालीच वळसा घ्यावा लागतो, उगवण मागे पडते आणि मान वाकडी झाल्याने गड्डा बेढब येतो. लसणाची पाकळी टोक वर, बूड खाली अशीच लावा. मक्यासारख्या दाण्याला मात्र दिशा महत्त्वाची नाही, दोन दिवसांत तो स्वतःला सावरून घेतो. पेरणीयंत्र हजारो दाणे कसेही टाकतं, ते याच भरवशावर.

शिवारपाणी

'कोंब वर, मूळ खाली' हा नियम मोडणारं ठळक उदाहरण आपल्या शिवारातच आहे. भुईमुगाची आरी. ती मूळ नाही, फुलाच्या बीजांडकोशाखालचा भाग लांबून तयार झालेला देठ आहे, तरी खाली जाते. फलन झालं की आठवडाभरात दिसू लागते, टोकाला तोच बीजांडकोश घेऊन जमिनीत काही सेंटिमीटर शिरते, मग आडवी होते आणि तिथे शेंग फुगते. अंधार आणि मातीचा स्पर्श मिळाल्याशिवाय ती फुगत नाही. खूप वरच्या पेऱ्यावरची आरी साधारण १५ सेंटिमीटरच्या आत जमिनीला पोचली नाही तर हवेतच वाळते.

यावरून मशागतीच्या गोष्टी आपोआप समजतात. कोळपणी आणि खुरपणी आऱ्या सुटण्याआधी संपवायची, नंतर कोळपं घातलं की शिरलेल्या आऱ्या उपटतात. शेवटच्या कोळपणीला झाडाच्या बुडाशी मातीची भर द्यायची, म्हणजे अंतर कमी होतं. पसऱ्या वाणांवर फुलोरा भरात असताना पत्र्याचा रिकामा ड्रम फिरवतात, तोही वरच्या आऱ्या जमिनीला टेकाव्यात म्हणूनच. जमीन वरून कडक झाली असेल तर हलकं पाणी द्या, आरीचं टोक नाजूक असतं. प्लॅस्टिक आच्छादनावर घेणार असाल तर ७ मायक्रॉनचाच कागद, तो आरी भेदून जाते. भाजीपाल्यासाठीचा २५-३० मायक्रॉनचा कागद उरला म्हणून भुईमुगाला वापरू नका, आऱ्या वरच अडून राहतात.

खारफुटी

आणि उलट्या बाजूचं उदाहरण कोकण किनाऱ्यावर. तिवराची श्वासमुळं. चिखलात आडव्या पसरलेल्या मुळांवरून ती पेन्सिलीसारखी वर उभी राहतात, हवा घ्यायला. मूळ असूनही वर. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला हजारो दिसतात. तेव्हा 'मूळ' आणि 'खोड' या नावांवर दिशा ठरत नाही. प्रत्येक अवयवाचा ओळंब्याशी ठरलेला कोन असतो, कुणाचा शून्य, कुणाचा १८०, कुणाचा मधलाच. हळदीचा गड्डा आडवा पसरतो, बाजूची मुळं तिरकी जातात, आणि घडातली केळी वर वळून बाक धरतात.

शिवारपाणी

हो, आणि हा ठरलेला कोन पुन्हा मिळवायची धडपड पडलेल्या पिकात दिसते. वादळाने गहू आडवा झाला की दोन-तीन दिवसांत शेंडे उठतात. वाक पेऱ्यावर पडतो, तिथे जी फुगीर गाठ असते ती खरं तर पानाच्या वेढ्याचा तळ. आडव्या झालेल्या गाठीच्या खालच्या बाजूच्या पेशी लांबतात, एकेक गाठ थोडी थोडी वळते आणि दोन-तीन गाठी मिळून कणीस उभं करतात.

पाहायचं असेल तर हिरव्या गव्हाचा, मधोमध गाठ असलेला, बोटभर तुकडा कापून एक टोक ओल्या वाळूत खोचा आणि आडवा ठेवा. शेंडा नाही, मूळ नाही, तरी दुसऱ्या दिवशी गाठीवर स्पष्ट कोन दिसतो. गाठ पिवळी पडलेली असेल तर काही होत नाही.

म्हणून वय बघा. मका तुरा येण्याआधी पडला तर हंसाच्या मानेसारखा बाक घेऊन उठतो. हाताने उभा करायला शेतात शिरू नका, उरलेली मुळं तुटतात आणि ताट मोडतं. तुरा आल्यावर पडला तर फारसा उठत नाही. ऊस शेंड्याकडून उठतो, पण खालच्या कांड्या वाकड्या त्या वाकड्याच. नारळाचंही तसंच. त्याच्या खोडाला पुढे जाडी वाढवणारा थर नसतो, झुकलेलं खोड झुकलेलंच राहतं, फक्त वाढता शेंडा वर वळतो. आंबा-फणसाच्या झुकलेल्या फांदीत मात्र वरच्या अंगाला ताण धरणारं वेगळं लाकूड तयार होतं आणि वर्षानुवर्षं ते फांदीला ओढून धरतं.

रोपवाडी

कोनावरून कलमाची एक गोष्ट, कारण यात फसवणूकही होते. मिरीवेलाला दोन तऱ्हेच्या फांद्या. एक सरळ वर चढणारी, आधाराला मुळांनी चिकटणारी. दुसरी बाजूला आडवी वाढणारी, तिच्यावरच घोस येतात. आडव्या फांदीचं कलम कुंडीत लावलं तरी ते तो आडवेपणा विसरत नाही, चढत नाही, झुडूपच राहतं. यालाच झुडूप मिरी म्हणतात, गच्चीसाठी उत्तम. एक वर्ष वयाची, तीन ते पाच पेऱ्यांची बाजूची फांदी घ्या. मुळं फुटण्याचं प्रमाण चढत्या फांदीपेक्षा कमी असतं, त्यामुळे जास्त काड्या लावा. बुडातून कधी चढती फांदी निघाली तर लगेच काढा, नाहीतर ती सगळा जोर खाते.

याच कारणाने कुंडीतल्या ख्रिसमस ट्रीचं (अॅरोकेरिया) बाजूच्या फांदीचं कलम विकत घेऊ नका. त्याला मुळं फुटतात, झाड जगतंही, पण कित्येक वर्षं फांदीसारखंच आडवं वाढतं. बियांचं किंवा मुख्य शेंड्याच्या कलमाचं रोप मागा. ओळखायची खूण : पाती शेंड्याभोवती चहूबाजूंनी सारखी आहेत की पंख्यासारखी एकाच पातळीत, ते बघा. पंखा असेल तर बाजूची फांदी.

कुंडीकाठ

शेवटचं विचारते. ग्लॅडिओलसच्या दांड्या बाजारातून सरळ आणल्या, घरी पोचेपर्यंत शेंडे वाकले. तेही हेच का?

रोपवाडी

हेच. दांडी कापली तरी शेंडा जिवंत असतो आणि वाढत असतो. खोक्यात आडवी ठेवली की काही तासांत शेंडा वर वळतो. नंतर उभी केली तर तो पुन्हा वळतो, पण पहिला बाक जात नाही आणि दांडीला दुहेरी वळण पडतं. खालच्या एक-दोन कळ्यांचा रंग दिसला की कापा, बादलीत उभ्या ठेवा आणि उभ्याच न्या. गाडीत आडव्याच न्याव्या लागणार असतील तर आधी शीतगृहात चांगल्या थंड करा, वाढ मंदावली की वळणंही मंदावतं. स्नॅपड्रॅगनलाही हेच लागू. गुलाबाला मात्र आडवं नेलं तरी फरक पडत नाही, त्याची फुलाखालची दांडी तोडणीपर्यंत बरीच पक्की झालेली असते.